पसंतीचा थकवा

केसविक हे इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातले, लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या मुलखातले बाजाराचे गाव. गावाच्या मधोमध मूट हॉल नावाची जुनी, मनोऱ्याची इमारत आहे. दिवसा तिच्यापुढे पर्यटकांची वर्दळ असते. उन्हाळ्यात मात्र कधी मध्यरात्री, कधी पहाटे तिच्या दाराशी दोन-चार माणसे येऊन उभी राहतात. अंगात पातळ जाकीट, कपाळावर दिवा, पायांत रबरी दातांचे बूट. वेळ झाली की त्यांच्यातला एकजण दाराला हात लावतो आणि पळत सुटतो. शिट्टी नाही, झेंडा नाही, टाळ्या वाजवायला असलीच तर घरची माणसे. बक्षिसाचा तर प्रश्नच नाही. बेचाळीस डोंगर चढून-उतरून चोवीस तासांच्या आत याच दाराला पुन्हा हात लावायचा, एवढाच काय तो पण.

१४ मे २०१६ रोजी, शुक्रवारची मध्यरात्र उलटताच, निकी स्पिंक्स नावाची एक बाई या दारापासून निघाली. यॉर्कशायरमधली शेतकरी, गुरे पाळणे हा तिचा धंदा. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. दहा वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. त्या दहा वर्षांची आठवण म्हणून तिने ठरवले होते की बेचाळीस डोंगरांची ही फेरी एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा करायची आणि त्या निमित्ताने कर्करोगग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पैसेही उभे करून द्यायचे. ४५ तास ३० मिनिटांनी तिची दुसरी फेरी पूर्ण झाली. रॉजर बाउमाइस्टर या धावपटूने १९७९ मध्ये ४६ तास ३४ मिनिटांत केलेला दुहेरी फेरीचा विक्रम सदतीस वर्षे टिकला होता. तो तिने तासाभराहून अधिक फरकाने मोडला.

अशा बातमीला मथळा द्यायचा म्हटले की आपला हात आपोआप ‘कर्करोगावर मात’ या शब्दांकडे जातो. मला हे शब्द खटकतात. त्यांचे कारण पुढे येईलच, पण आधी हा खेळ काय आहे ते पाहू. कारण तो कळल्याशिवाय या बाईने नेमके काय केले हे कळणार नाही.

या खेळाला फेल रनिंग म्हणतात. फेल म्हणजे नापास नव्हे. उत्तर इंग्लंडमधल्या उघड्याबोडक्या, गवताळ, खडकाळ डोंगरांना ‘फेल’ हे नाव आहे आणि हा शब्द हजारएक वर्षांपूर्वी तिथे येऊन वसलेल्या नॉर्स लोकांनी आपल्याबरोबर आणलेला आहे. आपल्या सह्याद्रीपुढे हे डोंगर ठेंगणे. त्यांतले सर्वांत उंच स्कॉफेल पाइक ९७८ मीटरचे, म्हणजे कळसूबाईच्या दोन-तृतीयांशांहूनही कमी. पण उंचीवर जाऊ नये. वाट अशी नसतेच. कुठे गुडघाभर दलदल, कुठे पायाखालून सरकणारी दगडांची घसरण, कुठे ओले गवत. सीथवेट नावाची वाडी याच मुलखात आहे. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडणारी ही इंग्लंडमधली सर्वांत पावसाळी वस्ती समजली जाते. आपल्या महाबळेश्वरात याहून जास्त पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला पाऊस वर्षभर पुरवून पुरवून पडतो आणि ऐन जूनमध्येही डोंगरमाथ्यावर धुके असे उतरते की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो.

या मुलखात १९३२ च्या जूनमध्ये बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने एक उद्योग केला. केसविकमध्ये त्याचे पाहुण्यांना उतरायला घर होते. म्हणजे धंद्याने तो खाणावळवाला, यजमान. १३ आणि १४ जून या दोन दिवसांत मिळून त्याने २३ तास ३९ मिनिटांत बेचाळीस शिखरे पालथी घातली. पायांत टेनिसचे बूट, अंगात पायजम्याबरोबरचा सदरा, खायला ब्रेड-लोणी, कच्चट उकडलेली अंडी, फळे आणि गोळ्या, असे सांगतात. लोकांना हे इतके अचाट वाटले की अनेकांचा विश्वास बसेना. पुढे अठ्ठावीस वर्षे कोणालाही ते पुन्हा जमले नाही. १९६० मध्ये ॲलन हीटनने ते केले, तेही ग्रॅहमपेक्षा तासाभराहून अधिक लवकर, आणि मग ओघ सुरू झाला. १९७१ मध्ये फ्रेड रॉजरसनच्या पुढाकाराने बॉब ग्रॅहम क्लब निघाला. १९७७ मध्ये जीन डॉज ही फेरी चोवीस तासांत पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. आज क्लबच्या यादीत अडीच हजारांहून अधिक नावे आहेत. स्वतः ग्रॅहम १९६६ मध्ये वारला. आपल्या नावाने हे एवढे प्रस्थ होणार आहे याची त्याला कल्पनाही नसावी.

अंतर सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे जवळपास पुणे ते सातारा. पण चढांची बेरीज ८,२०० मीटरच्या आसपास. बारी गावातून कळसूबाईला जाणारी वाट साधारण नऊशे मीटर चढते. ती एका दिवसात नऊ वेळा चढायची आणि नऊ वेळा उतरायची, असे म्हटले म्हणजे थोडा अंदाज येईल. फेरीचे पाच टप्पे आहेत. पहिल्यात स्किडॉ, ग्रेट काल्वा आणि ब्लेनकाथ्रा ही तीनच शिखरे, पण मोठी. दुसऱ्यात हेल्व्हेलिनच्या लांबलचक धारेवरची बारा. तिसऱ्या टप्प्यात पंधरा, आणि त्याच्या शेवटी स्कॉफेल पाइकवरून शेजारच्या स्कॉफेलवर जाताना ब्रॉड स्टँड नावाचा एक उभा कातळ आडवा येतो. तिथे बहुतेकजण दोर लावतात, नाहीतर बराच वळसा घालतात. मग वॉस्डेलच्या खोऱ्यात तळापर्यंत उतरायचे.

वॉस्डेलला जरा थांबू, कारण सगळी फेरी इथे ठरते. तीस शिखरे झालेली असतात. मांड्या दगड झालेल्या. खोऱ्यात सोबत्यांनी मोटार आणलेली असते, त्यात कोरडे मोजे, गरम चहा, तांदळाची थंड खीर (होय, खीर, तोंड कोरडे पडल्यावर पाव-बिस्किटे गिळवत नाहीत, ती मात्र सरकन उतरते) आणि बसायला घडीची खुर्ची. समोर यूबॅरो नावाचा डोंगर, जवळपास तोंडाला भिडलेला. त्याच्यामागे आणखी आठ शिखरे, मग होनिस्टरची खिंड, मग शेवटची तीन. खुर्चीतून उठायचे की नाही? न उठलात तर कोणी रागावणार नाही. मोटार आहेच. पुष्कळजण बसतात ते बसतातच आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

आता निकी स्पिंक्सकडे. निदानानंतरच्या वर्षांत ही बाई थांबली नाही, उलट तिची खरी कामगिरी त्या नंतरचीच आहे. २०११ मध्ये तिने चोवीस तासांत चौसष्ट शिखरे केली. २०१२ मध्ये बॉब ग्रॅहम फेरी १८ तास १२ मिनिटांत पुरी करून स्त्रियांचा विक्रम केला आणि २०१५ मध्ये त्यातून आणखी सहा मिनिटे कापली. २०१६ च्या एप्रिलमध्ये जास्मिन पॅरिसने तो विक्रम १५ तास २४ मिनिटांवर नेऊन ठेवला. अडीच तासांहून अधिक फरक. त्यानंतर तीनच आठवड्यांनी निकीची दुहेरी फेरी झाली. मला यात एक मौज दिसते. वेगाचा विक्रम हातातून गेला तरी या बाईला काही फरक पडला नाही, कारण तिने मापच बदलले होते. किती लवकर, हा प्रश्न तिने तरुण मुलींसाठी ठेवला आणि आपल्यासाठी किती लांब, हा घेतला. पुढे वेल्समधली पॅडी बकली फेरी आणि स्कॉटलंडमधली रॅमसे फेरी, याही तिने लागोपाठ दोन-दोनदा केल्या.

‘मात’ या शब्दाबद्दल बोलायचे राहिले होते. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला आपण योद्धा म्हणतो. मग जो उठला नाही तो काय हरला? त्याने जोर कमी लावला? कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर बाकांवर बसलेली माणसे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे जोर लावण्याजोगे फारसे काही रोग्याच्या हाती नसते. औषध कोणते, कधी, किती, हे दुसरे ठरवतात. पुढची तपासणी कधी, हेही दुसरेच ठरवतात. शरीर आपले, पण त्याची चावी फायलीत. आणि थकवा! केमोथेरपी आणि रेडिएशनचा थकवा ज्यांनी भोगला आहे ते सांगतात की तो झोपून जात नाही. काही केलेले नसताना तो येतो, अंगावर ओले घोंगडे टाकावे तसा, आणि जाताना सांगून जात नाही.

डोंगरावरचा थकवा वेगळा आहे. तो आपण मागून घेतलेला असतो. कुठल्या चढाने तो आला हे बोट दाखवून सांगता येते. खीर खाल्ली की थोडा उतरतो. दोन दिवस झोपले की जातो. बाहेरच्याला वाटते, आधीच एवढे सोसलेल्या माणसाने पुन्हा हौसेने अंगाला त्रास का करून घ्यावा? मला वाटते, यासाठीच. हा त्रास त्याच्या पसंतीचा असतो. आणि त्याहूनही महत्त्वाचे, इथे हरायची मुभा असते. वॉस्डेलच्या खुर्चीत बसून ‘आज पुरे’ म्हणता येते. आजारपणात असे म्हणायची सोय नव्हती.

आपल्या घरांतून आजारातून उठलेल्या माणसाचे काय होते ते आठवून पाहा. ‘जपून हं’, ‘दगदग नको’, ‘तू बस, मी करते.’ नाचणीचे सत्त्व, मऊ भात, दुपारची सक्तीची झोप. यात माया असते, नाही असे नाही. पण महिन्यांमागून महिने गेले तरी तो माणूस घरातला पाहुणाच राहतो. पुरुषांचे हे असे. बाईची गोष्ट निराळी. तिला विश्रांती सांगतात आणि ‘हलकी कामे’ देतात. हलकी म्हणजे भाजी निवडणे, कणीक मळणे, डबे भरणे. दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट सारखी: आता तुला काय करावेसे वाटते, हे कोणी विचारत नाही. निदान डोंगरावर जाऊ का, असे विचारणाऱ्या पन्नाशीच्या बाईला आपल्याकडे काय उत्तर मिळेल, ते सांगायला नकोच.

गंमत अशी की या प्रेमळ सक्तीला आता वैद्यकाचाही पूर्वीसारखा पाठिंबा उरलेला नाही. एकेकाळी कर्करोगाच्या रोग्याला विश्रांती घ्या, जपा, असाच सल्ला मिळे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये उपचारांच्या काळात आणि नंतरही व्यायाम सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ मध्ये त्यांनी मात्राही सांगितली: आठवड्यातून तीनदा, निदान तीस-तीस मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा बेताने. थकवा, चिंता, उदासी या तिन्हींवर तिचा उपयोग होतो. २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रोग्यांवरचा अभ्यास छापला. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्यावर निम्म्यांना आरोग्याची पुस्तिका दिली. निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शक देऊन नियमाने व्यायाम करवला. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ८३.२ टक्के आणि दुसऱ्या गटातले ९०.३ टक्के हयात होते. हा फरक लहान नाही. एखाद्या नव्या औषधाने एवढे केले असते तर त्याच्या जाहिराती झाल्या असत्या. व्यायाम करणाऱ्यांत लचक, स्नायूंची दुखणी जास्त आढळली, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

पण हा व्यायाम म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत झपझप चालणे. बेचाळीस डोंगर नव्हेत. एकाने दुसऱ्याची खात्री देऊ नये. केमोथेरपीतल्या काही औषधांचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम राहतो, काही उपचारांनी हाडे विरळ होतात, काहींनी तळपाय आणि बोटे बधिर होतात. सपाट रस्त्यावर बधिर तळव्याचे फारसे काही वाटत नाही. ओल्या खडकावर पाऊल कुठे पडले हेच कळेनासे होते. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका वर्षानुवर्षे असतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून, तपासण्या करून, एका टेकडीने सुरुवात करून, मगच पुढचे. शिवाय हा खेळ धडधाकट माणसालाही सोडत नाही. स्टीव्ह बर्किनशॉ या धावपटूने २०१४ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधली २१४ शिखरे सलग सात दिवसांच्या आत करून विक्रम केला आणि त्यानंतर दीर्घ काळ तो अशा थकव्याने ग्रासला, जो झोपेने जात नव्हता. म्हणजे पसंतीच्या थकव्यातूनही नको असलेला थकवा जन्माला येऊ शकतो. डोंगर औषध नाही आणि त्याला औषध म्हणून विकूही नये.

बॉब ग्रॅहम क्लबचा एक नियम मला फार आवडला. फेरी एकट्याने केली तर ती नोंदली जात नाही. प्रत्येक शिखरावर, बेचाळीसच्या बेचाळीस, कोणीतरी सोबत असला पाहिजे आणि त्याने तिथली वेळ टिपली पाहिजे. लबाडी होऊ नये हा हेतू. पण परिणाम भलताच झाला आहे. एका माणसाच्या फेरीसाठी आठ-दहा माणसे आपली शनिवार-रविवारची सुट्टी खर्च करतात. एकजण रात्री दोन वाजता खिंडीत चहा उकळत बसतो, एकजण ब्रॉड स्टँडवर दोर घेऊन थंडीत कुडकुडतो, एकजण पाठीवर दुसऱ्याचे पाणी आणि खाऊ वाहतो. रस्त्याच्या शेवटच्या काही किलोमीटरांसाठी कोणी हलके बूट आणून ठेवतो. पुढच्या वर्षी यांतल्या कोणाची तरी पाळी येते आणि मग धावलेला माणूस चहा उकळायला जातो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणे आणि हे, दोन्हींत सोबतीचे काम तेच. इथे मात्र उशाशी बसलेल्यालाही पळावे लागते.

या सगळ्या मंडळींत वडिलकीचा मान होता जॉस नेलरचा. वॉस्डेलचाच मेंढपाळ, जन्म १९३६. लहानपणी पाठीला दुखापत झालेली. तरुणपणी गुडघ्यातली कूर्चा काढावी लागली, मग मणक्यांतल्या चकत्या. अंगमेहनतीच्या कामाला निरुपयोगी ठरावा असा हा मुलगा. १९६० मध्ये डोंगरातली एक शर्यत त्याच्या खोऱ्यात आली, तेव्हा शेतावरचेच बूट आणि गुडघ्यापाशी कापलेली पँट अशा थाटात तो तिच्यात उतरला. १९७५ मध्ये त्याने चोवीस तासांत बहात्तर शिखरे केली. पन्नासाव्या वर्षी, १९८६ मध्ये, ती २१४ शिखरे सात दिवस आणि दीड तासाच्या आत. साठाव्या वर्षी साठ, सत्तराव्या वर्षी सत्तर.

पण त्याचे मला सर्वांत भावलेले काम १९९० चे. पन्नाशी उलटलेल्यांसाठी त्याने पूली ब्रिजपासून वॉस्डेलमधल्या ग्रीनडेल पुलापर्यंत तीस शिखरांची, सुमारे ७७ किलोमीटरची एक वाट आखून दिली. तिला वेळेची मर्यादा आहे, पण ती सर्वांना सारखी नाही. पन्नाशीतल्याला बारा तास, पंचावन्न झाली की चौदा, साठीला सोळा, पासष्टीला अठरा. आणि सत्तरी गाठलेल्याला पूर्ण चोवीस. नेलर २०२४ च्या जूनमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. तोवर त्या पुलाशी पोहोचणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या धावपटूंचा हात हातात घ्यायला तो स्वतः तिथे उभा असे.